नोव्हेंबरची मॅच सप्टेंबरात

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात विलामेट नदीकाठी कोर्व्हॅलिस नावाचं गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या जयसिंगपूरच्या जवळपास. गावात ओरेगन स्टेट हे विद्यापीठ आणि त्या विद्यापीठाचं स्वतःचं, पस्तीस हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम. कॉलेजच्या पोरांची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला पस्तीस हजार माणसं येतात, तीही महागडी तिकिटं काढून, हे मला आधी खरंच वाटेना. आपल्याकडे विद्यापीठाची इंटर झोनल फायनल असली तरी मैदानाभोवती दोन्ही कॉलेजांचे जिमखाना प्रमुख, राखीव खेळाडू आणि पंचांचे ओळखीचे चार लोक, एवढीच मंडळी दिसतात.

माझा भाचा तिथं नोकरीला आहे. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला, मॅचच्या दिवशी दुकान चार वाजता बंद करणाऱ्या घरातला. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच त्यानं कळवलं होतं, "मामा, १४ तारखेची मॅच चुकवायची नाही. युजीनवाले येणार आहेत." युजीन हे नदीच्या वरच्या अंगाचं गाव, पासष्ट किलोमीटरवर. कोल्हापूर ते कराड जेवढं, साधारण तेवढंच. तिथं ओरेगन विद्यापीठ. ही दोन विद्यापीठं एकमेकांशी १८९४ पासून खेळत आली आहेत. आपल्याकडे तेव्हा राजर्षी शाहूंचा राज्याभिषेक नुकताच झाला होता.

सकाळी दहालाच स्टेडियमबाहेरचं पटांगण भरलं. तिकडची पद्धत अशी की मॅचच्या आधी गाडीची मागची फळी पाडायची, शेगडी पेटवायची, आणि येईल त्याला खायला घालायचं. आमच्या शेजारच्या गाडीवर नारिंगी चादर, पलीकडच्या तंबूवर हिरवा-पिवळा झेंडा. नारिंगी-काळा रंग कोर्व्हॅलिसचा, हिरवा-पिवळा युजीनचा. एका घरावर तर अर्धा नारिंगी, अर्धा हिरवा असा मधोमध शिवलेला झेंडा होता. नवरा एका कॉलेजचा, बायको दुसऱ्या कॉलेजची. मला एकदम आपल्या पेठा आठवल्या. माहेर शिवाजी पेठेत आणि सासर मंगळवार पेठेत अशा किती बायका कोल्हापुरात आहेत! खंडोबा आणि पाटाकडील या तालमींची फुटबॉल मॅच असली की त्या संध्याकाळी जावई सासुरवाडीला जात नाही, गेलाच तर मेहुणे त्याला सुखानं जेवू देत नाहीत. सातासमुद्रापलीकडे तीच तऱ्हा बघून जीव हरखला.

आत माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. विणलेली नारिंगी टोपी, मांडीवर घडी केलेलं कांबळं. ऊन चांगलं कडक होतं, म्हणून मी कांबळ्याकडे बघत राहिलो. त्यांनी आपणहून सांगितलं की सवयीनं आणलंय. ही मॅच कायम नोव्हेंबरच्या शेवटी व्हायची, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात. पाऊस, चिखल, थंडी; बाहेरगावी गेलेली पोरं घरी आलेली; साऱ्या हंगामाचा शेवट या एका सामन्यात. लग्नाआधी त्या आणि त्यांचे यजमान इथंच ओल्या बाकावर बसायचे. त्या वर्षी मॅच सप्टेंबरच्या मध्यावर आली होती. तिकडची सत्रं सप्टेंबर संपता संपता सुरू होतात. म्हणजे ज्यांच्या नावानं ही मॅच, त्यांचे वर्गही अजून भरायचे होते. "विद्यार्थी यायच्या आधीच विद्यार्थ्यांची मॅच उरकतात," असं म्हणून त्या गप्प झाल्या. माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं.

हे का झालं ते भाच्यानं घरी आल्यावर नीट उलगडून सांगितलं. तिथं कुठलं कॉलेज कुणाशी खेळणार हे सरकार ठरवत नाही, विद्यापीठाचा झोनही ठरवत नाही. आठ, दहा, बारा विद्यापीठं मिळून एक मंडळ करतात. त्याला कॉन्फरन्स म्हणतात. मंडळातल्यांशी दरवर्षी खेळायचं, बाहेरच्यांशी सवडीनं. मंडळाचं नाव किनाऱ्याचं किंवा भागाचं असायचं, कारण सारे शेजारीपाजारीच असायचे. बसनं जायचं, खेळायचं, रात्री परत. पूर्वी टीव्हीवर कोणते सामने दाखवायचे हे साऱ्या देशासाठी एकच क्रीडा संघटना ठरवायची. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते बंधन मोडलं. तेव्हापासून मंडळं आपले हक्क आपण विकू लागली, आणि ज्या मंडळात मोठी नावं त्याला मोठा भाव मिळू लागला.

ओरेगनची दोन्ही विद्यापीठं ज्या मंडळात होती त्याची मुळं १९१५ सालची. पॅक-१२ हे त्याचं अलीकडचं नाव. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या विद्यापीठांनी जाहीर केलं की आम्ही बिग टेन या देशाच्या मध्य आणि पूर्व भागातल्या मंडळात जाणार. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेननं सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या आसपासचा टीव्ही करार केला. मग ४ ऑगस्ट २०२३ हा एकच दिवस असा उगवला की ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेली आणि आणखी तीन विद्यापीठं दुसऱ्या मंडळात गेली. सप्टेंबर लागला तेव्हा बारापैकी दोघंच उरली होती: कोर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि शेजारच्या राज्यातलं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावांची, शेतकी शिक्षणाची परंपरा असलेली विद्यापीठं. त्या दोघांनी न्यायालयात जाऊन उरलेल्या मंडळाचा ताबा मिळवला, पण मंडळात खेळायला उरलं होतं कोण? पुढे २०२५ च्या हंगामात ही दोघंच एकमेकांशी दोनदा खेळली.

आणि जे गेले त्यांचं काय? युजीनच्या पोरांना आता न्यू जर्सीच्या संघाशी खेळायला जवळपास चार हजार किलोमीटर उडत जावं लागतं. कोल्हापूरहून श्रीनगरला जाऊन परत यावं तेवढं अंतर, तेही फक्त जाण्याचं. फुटबॉलवाल्यांचं एक वेळ चालेल, ते आठवड्यातून एकदा खेळतात आणि त्यांच्या दिमतीला खास विमान असतं. पण मंडळ बदललं की व्हॉलीबॉलच्या मुली, सॉफ्टबॉलच्या मुली, सगळ्यांचंच वेळापत्रक बदलतं. आठवड्याच्या मधल्या वारी तीन तास मागेपुढे असलेल्या गावात खेळायचं आणि परत येऊन वर्गात बसायचं. त्यांच्या खेळाला कोणी अब्जावधी मोजत नाही. करार फुटबॉलसाठी झाला आणि प्रवास सगळ्यांच्या वाट्याला आला, हे मला फार लागलं.

मॅच ४९-१४ अशी युजीननं मारली. एकतर्फीच झाली. युजीनचा शुभंकर म्हणजे बदकाच्या वेशातला पोरगा. आपल्या संघानं गुण मिळवले की तो जोर काढतो, आणि तेही एकूण गुण जेवढे झाले असतील तेवढे. सातवर सात, चौदावर चौदा, एकवीसवर पुन्हा पहिल्यापासून एकवीस. भाच्यानं मला युजीनच्या मैदानावर नेऊन ते दाखवलं. बेरीज केली तर एकोणपन्नास गुणांपर्यंत एकशे शहाण्णव जोर होतात! गंगावेश तालमीतल्या कुणा वस्तादानं बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

त्यांच्या या सामन्याचं एक स्मृतिचिन्ह आहे, तेही ऐकण्यासारखं. कोर्व्हॅलिसचं चिन्ह बीव्हर, युजीनचं बदक. १९५९ साली युजीनच्या एका कलाविद्यार्थ्यानं लाकडात प्लॅटिपस कोरला, कारण त्या प्राण्याला बदकाची चोच आणि बीव्हरसारखी शेपूट. दोन्ही संघ एकाच अंगात. तीनेक वर्षं तो जिंकणाऱ्याकडे गेला आणि मग हरवला. चाळीसहून जास्त वर्षांनी एका अडगळीच्या कपाटात सापडला. आता पुन्हा दिला जातो. असं चिन्ह एखाद्या कराराच्या बैठकीत कोणाला सुचलं असतं का? ते शेजारपणातून सुचतं. रोज एकमेकांच्या नाकासमोर असलेल्या माणसांनाच अशी थट्टा करता येते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नवे सामने काही रद्दी नव्हते. १२ ऑक्टोबरला युजीनमध्ये ओहायो स्टेट आलं, तेव्हा मी भाच्याच्या घरी टीव्हीसमोर होतो. ३२-३१! एका गुणानं ओरेगन जिंकलं. शेवटच्या क्षणापर्यंत आम्ही सगळे उभे होतो. असा सामना जुन्या मंडळात कधीतरीच झाला असता, आता तो वारंवार होऊ शकतो. टीव्हीवर बघणाऱ्याला यापेक्षा काय हवं? मीही त्यातलाच एक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याबरोबर किराणा आणायला गेलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दुकानात ओहायोचा एकही माणूस नाही. चिडवायचं कुणाला? हरलेले तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांब आपापल्या घरी.

कोल्हापुरात हरलेला माणूस लांब नसतो. शाहू स्टेडियमवर संध्याकाळी पाच-साडेपाचला शिट्टी वाजते आणि रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तो तुमच्या शेजारी उभा असतो. हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, आणि मान खाली. "काय रं, पेनल्टी कुठं ठेवलीस?" एवढं एक वाक्य पुरतं. पुढच्या मॅचपर्यंत ते त्याला सलत राहतं आणि त्या सलण्यातूनच पुढची मॅच भरते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार, फुलेवाडी, संध्यामठ, उत्तरेश्वर. गावाबाहेरच्याला ही नावं नुसती नावं वाटतील. आम्हाला प्रत्येक नावामागे एक गल्ली दिसते, एक कट्टा दिसतो, गोलपोस्टच्या मागं हलगी घेऊन बसणारी पोरं दिसतात.

याचं कारण असं की तालीम हा नुसता संघ नसतो. तिथं मारुती असतो, लाल मातीचा हौदा असतो, गणपती तिथंच बसतो, पेठेतलं भांडण तिथंच मिटतं, आणि मयत झालं तरी पहिली तिथलीच पोरं धावतात. फुटबॉल या सगळ्यावर उभा आहे. पाटाकडीलनं उठून मुंबईच्या लीगमध्ये जायचं म्हटलं तर मंगळवार पेठ सोबत कशी न्यायची? अमेरिकेतल्या विद्यापीठालाही गाव आहे, मातीचं नातं आहे. पण निर्णय घेणारं कार्यालय त्या बाकावरच्या बाईंपासून फार दूर गेलं होतं.

आपल्याकडे परदेशी संघांचं वेडही कमी नाही. विश्वचषक आला की अख्ख्या शहराचे दोन भाग पडतात, ब्राझील आणि अर्जेंटिना. भिंती रंगतात, माणसाच्या तिप्पट उंचीचे कटआउट उभे राहतात. बाहेरून आलेले पत्रकार याला परदेशाचं प्रेम समजतात. मला ते तसं दिसत नाही. पुढच्या गल्लीनं अर्जेंटिनाचा झेंडा लावला म्हणून इकडच्यांनी ब्राझीलचा लावला, अशानंच किती जणांचं ठरलं आहे! मेस्सी आणि नेमारसुद्धा कोल्हापुरात आले की दोन गल्ल्यांमधली गोष्ट होतात. सामना दक्षिण अमेरिकेतल्या संघांचा असला तरी ईर्षा इथल्याच कोपऱ्यावरची.

तुटलेली ईर्षा सांधता येते का? टेक्सासनं त्याचं उत्तर दिलं आहे. तिथलं टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम हे १८९४ पासूनचे प्रतिस्पर्धी. ए अँड एम दुसऱ्या मंडळात गेलं आणि २०११ नंतर मॅच थांबली. तेरा वर्षं! दोन्ही एकाच राज्यात, दोनेक तासांच्या अंतरावर, पण सामना नाही. राज्याच्या विधिमंडळात एका आमदारानं ही मॅच सक्तीची करा असं विधेयक आणलं होतं, तेही बारगळलं. मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते ए अँड एमचं रणगीत. त्यातलं एक कडवं सगळं टेक्सासला हरवण्याबद्दल आहे. सामना नव्हता त्या वर्षांतही प्रत्येक मॅचला हजारो पोरं एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून, डावी-उजवीकडे झुलत ते गात राहिली. समोर भलताच संघ, आणि गाणं गैरहजर शेजाऱ्यासाठी. शेवटी टेक्सासही त्याच मंडळात आलं आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला मॅच पुन्हा झाली. टेक्सास १७-७ नं जिंकलं. मैदानात लाखाहून जास्त माणसं होती. मी तेव्हा कोल्हापुरात परतलो होतो; भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ मी तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला. ते झुलणारं स्टेडियम बघून एक म्हातारे वस्ताद म्हणाले, "ह्यास्नी कोण रं थांबीवलं हुतं?"

ओक्लाहोमाची कथा अजून अधुरी आहे. तिथल्या दोन विद्यापीठांची शेवटची मॅच ४ नोव्हेंबर २०२३ ला झाली. शंभरावर सामन्यांच्या इतिहासात बहुतेक वेळा हरलेलं ओक्लाहोमा स्टेट ती २७-२४ नं जिंकलं. त्यानंतर समोरचं ओक्लाहोमा विद्यापीठ दुसऱ्या मंडळात गेलं. जिंकलेल्यांना शेवटचा शब्द मिळाला, पण तो ऐकायला समोर कुणी राहिलं नाही.

आपल्या देशातही हे घडलं आहे. २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करून नाव एटीके मोहन बागान केलं. एकशेतीस वर्षांच्या क्लबच्या नावाआधी दुसरं नाव! कोलकात्याच्या माणसांनी तीन वर्षं लावून धरलं आणि २०२३ मध्ये ते नाव काढायला लावलं. कोलकात्यातली ईस्ट बंगालविरुद्धची ईर्षा टिकली, कारण तिचे मालक गॅलरीत बसलेले होते.

आता आपल्या दारातलं बोलू. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पैसा येतो आहे आणि यायलाच हवा. पोरांना बूट मिळावेत, जखमी झाला तर उपचार व्हावेत, अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तसे आणखी दहा निघावेत. पण हंगामाच्या आधी नोंदणीच्या वेळी या तालमीचा खेळाडू त्या तालमीत, परगावचा या संघात, परदेशी त्या संघात, अशी उलथापालथ दरवर्षी वाढते आहे. चार चांगले बाहेरचे यावेत, त्यांच्याकडून आपली पोरं शिकतात. परदेशी खेळाडूंना पेठेनं जीव लावलेला मी बघितला आहे. तरीही अकरापैकी निम्मे तरी पेठेचे असावेत, असं मी उघडपणे म्हणतो. नाहीतर दूध कट्ट्यावर चिडवायला जो समोर उभा राहील त्याचं मैदानावरच्या पोराशी नातं काय उरेल? भांडणाची आणि हुल्लडीची भीती दाखवून सामने गावाबाहेर नेण्याची भाषा कुणी केली तर तिलाही माझा ठाम विरोध आहे. हुल्लड थांबवायची ती तालमींनी, आपल्या पोरांना आवरून.

आणि कॉलेजांचं? मंडळ मोडण्याची आपली गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. कितीतरी वर्षं सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजंही याच विद्यापीठाची होती. कबड्डीला, खो-खोला, कुस्तीला ती पोरं कोल्हापुरात यायची, आपली तिकडे जायची. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. ते व्हायलाच हवं होतं. मार्कशीटसाठी सव्वादोनशे किलोमीटर येणाऱ्या मुलांचा तो हक्क होता. तिथं टीव्हीचा पैसा नव्हता, कुणाचा लोभ नव्हता. पण त्या एका निर्णयानं कोल्हापूर आणि सोलापूरच्या कॉलेजांमधल्या साऱ्या लढती वेळापत्रकातून गेल्या आणि कुणी हळहळलंही नाही. कोर्व्हॅलिसला निदान त्या बाई कांबळं घेऊन बसल्या होत्या.

मला वाटतं, शिवाजी विद्यापीठानं आपल्या वर्धापनदिनाच्या आठवड्यात सोलापूर विद्यापीठाच्या संघांना बोलवावं. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल, मुलांचेही आणि मुलींचेही. एक वर्ष कोल्हापुरात, पुढचं वर्ष सोलापुरात. तारीख ठरली की हलवायची नाही, कारण तारीख हलली की माणसं तुटतात हे मी डोळ्यांनी बघून आलो आहे. खर्च दोन बस, एक मैदान आणि दोन दिवसांचं जेवण. रत्नागिरी-नागपूर महामार्गानं सोलापूर आता चार-पाच तासांवर आहे.